मधल्या ओळीतले मोर

इंद्रायणीने चादर फरशीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून मोर पुन्हा मोजले. वरच्या काठाला सात, खालच्या काठाला सात, मध्ये सात. मग भिंग घेऊन ती पहिल्या मोरापाशी आली. गर्द लाल जमिनीवर पांढरे मोर, आणि काठांवरच्या चौदांनाही ज्वारीच्या दाण्याएवढा लाल डोळा. मधल्या ओळीतल्या सातांपैकी एकालाही डोळा नव्हता.

विकलेली वस्तू खोक्यात बांधण्याआधी ती दोषांच्या यादीशी एकदा ताडून पाहायचीच. ‘जुनंपानं’ या तिच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक फोटोखाली आधी दोष असत, मग मापं, मग किंमत. गुण ती लिहीत नसे. गुण घेणाऱ्याला दिसतात, दोष दाखवावे लागतात, असं तिचं म्हणणं. या चादरीखाली तिने चार ओळी लिहिल्या होत्या.

१. मधल्या ओळीतील मोरांना डोळे नाहीत. विणकामातील दोष.
२. एका कोपऱ्यात लाल धाग्याने ४१७ हा आकडा शिवलेला.
३. टोकांकडचा रंग फिका, मधला भाग ताजा.
४. धुतलेली नाही. डांबरगोळ्यांचा वास.

चारही बरोबर होत्या. तरी ती उठली नाही. मधल्या भागावरून तिने तळहात फिरवला. लाल रंग इथे डाळिंबाच्या दाण्यासारखा होता, आणि वीतभर अंतरावर, जिथे घडीची रेष होती, तिथून एकदम विटकरी. रेघ ओढावी तसा. फोटोसाठी तिने हाच ताजा भाग निवडला होता आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं, की आपण नेमका आंधळा मोर टिपलाय.

“इंदू, या खुर्चीवर बसू का? का हीपण विकलीय?” तिच्या नवऱ्याने, सुबोधने, विचारलं. दुसरा शनिवार असल्यामुळे तो घरी होता आणि पंख्याखालची जागा शोधत बनियनवर फिरत होता.

“बस. तिचा पाय हलतोय. लिहायचं राहिलंय.”

“म्हणजे दोष लिहून होईपर्यंत आपली.”

ती हसली, पण हात थांबले नाहीत. कागद, टेप, कात्री, पुन्हा कागद. अडीच वाजले होते. चार ते सहाच्या दरम्यान कुरिअरवाला येणार होता. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर तिने बारावीला रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली होती, आणि दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये कॉलेजचं नेमणुकीचं पत्र आलंच नाही. तेव्हापासून तिला स्वस्थ बसवत नसे. घरात वस्तू येत, चार-आठ दिवस राहत, जात. पितळी समया, चिनी मातीच्या बरण्या, एकदा तर दवाखान्यातला वजनकाटा. तीही त्यांच्यासारखीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायची.

फोन थरथरला. बंगळूरच्या अद्वैतचा मेसेज होता. जुनी कापडं जमवणारा हा माणूस तिच्याकडून पहिल्यांदाच काही घेत होता, आणि हे नीट पोचलं तर पुढेही घेत राहीन, असं त्याने कळवलं होतं.

‘मॅम, डोळे नसणं मुद्दाम केलेलं असेल ना? विणकराची खूण? तसं लिहून दिलंत तर मी दीडपट देईन. फ्रेम करून लावायची आहे.’

इंद्रायणीने फोन पालथा ठेवला. प्रॅक्टिकलच्या वहीत तीन रकाने असत: कृती, निरीक्षण, अनुमान. दरवर्षी निम्मी पोरं अनुमान आधी लिहून टाकायची आणि त्याला जुळेल असं निरीक्षण मागून भरायची. ‘परीक्षानळीत पांढरा साका दिसला का तुला? मग का लिहिलास?’ असं तिने किती जणांना विचारलं असेल. दीडपट. तिने फोन उचलला, ‘असेल’ असं लिहिलं, खोडलं आणि पुन्हा पालथा ठेवला.

तो परत वाजला. या वेळी अनोळखी नंबर होता. मागे कुठेतरी मागांचा खडखडाट चालू होता आणि त्यावरून एक बाई मोठ्याने बोलत होती.

“जुनंपानंवाल्या मॅडम काय? मी लावण्या बोलतेय, अशोक चौकाकडनं. ती मोराची चादर गेली काय हो?”

“विकली गेलीय. आज निघेल.”

“म्हणजे अजून घरात हाय! मॅडम, तासाभरासाठी थांबवा आणि इकडं आणा की. आमच्या मामय्यांना बघायचीय. माझे सासरे, नरसय्या. कारखान्यात डिझाइनची कार्डं कापायचे. तुमच्या फोटोखालचं मी वाचून दाखवलं त्यांना, तेव्हापासून जेवले नाहीत.”

मागे तेलुगूत काहीतरी घाईघाईने बोलणं झालं आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

“बाई,” म्हातारा आवाज अगदी हळू होता, त्यामुळे खडखडाटातही नीट ऐकू आला. “तुमी लिवलंय, मोरांना डोळे न्हाईत. किती मोरांना? तीन पण मोरच, सात पण मोरच. आडव्या ओळीत सगळ्यांना न्हाई, का एखाद्याला—”

“फोनवर नको, मॅडम!” लावण्याने फोन ओढून घेतला होता. “काही सांगू नका. पत्ता पाठवते, तुम्ही याच.”

सुबोध खुर्चीतून बघत होता. “या उन्हात? पार पूर्व भागात? आणि कुरिअर?”

“चारच्या आत येते.”

“त्यांनी ठेवून घेतली तर?”

“ठेवायची असती तर किंमत विचारली असती,” ती म्हणाली. चादर आली होती तशीच तिने तिची घडी घातली, दोन्ही टोकं मध्यावर आणि मग दोन्ही बाजू आत, आणि पिशवीत भरली. चादरीची घडी एरवी लोक अर्ध्यातून घालतात. ही अर्ध्यातून पडतच नव्हती. तिने दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं होतं.

जुळे सोलापूर ते अशोक चौक हे अंतर वीस मिनिटांचं. रस्ता रिकामा होता, डांबर मऊ झालं होतं. स्कूटरच्या हँडलला हात भाजत होता. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच मागांचा आवाज सुरू झाला. एका घरातला थांबला की पुढच्या घरातला लागायचा. एका तीन मजली अरुंद घराच्या पायरीवर पस्तिशीची एक बाई उभी होती. गळ्यात मापाची टेप, ओढणीला टाचण्या टोचलेल्या.

“मीच लावण्या. वर जायच्या आधी जरा सावलीला या.” तिने इंद्रायणीला जिन्याखाली ओढलं. तिथे शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे रचले होते. “किती मोरांना नाही, मॅडम? खरं सांगा.”

“सात.”

“सातांपैकी सात?”

“हो.”

लावण्याने गळ्यातली टेप काढली, बोटांना गुंडाळली आणि सोडली.

“मग ते कार्डच,” ती म्हणाली. “तुम्हाला काय माहीत असणार. मागावर डिझाइन पुठ्ठ्याच्या कार्डांनी येतं. कार्डात भोक असलं की दोरा वर उचलतो, नसलं की खाली राहतो. एक कार्ड आख्ख्या रुंदीला चालतं. कार्डात चुकलं तर ओळीतल्या सगळ्या मोरांत तीच चूक येणार. आणि मागाची दोरी तुटली असली तर एकाच मोरात येणार. कार्ड म्हणजे मामय्या. दोरी म्हणजे फिटर.”

“आणि ठपका फिटरवर आला,” इंद्रायणी म्हणाली.

लावण्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. “शाणपणाच्या गोष्टी लवकर कळतात तुम्हाला. शहाऐंशीची दिवाळी. साठ चादरी तशा विणून झाल्या तेव्हा कुणाला तरी दिसलं. मालकानं चादर पसरून बघितली पण नाही, दोघांना उभं केलं, कार्ड का माग? मामय्या म्हणाले, माझी कार्डं बरोबर हायत. फिटर काहीच बोलला नाही. पाना खाली ठेवला आणि गेला. कार्डं रद्दीत गेली, बघायला पण उरली नाहीत. या घराच्या समोरच्या खोलीत राहायचा तो. सिद्धप्पा, गुरुसिद्धप्पा. एका ताटात जेवायचे दोघं. आठवड्यात खोली सोडली त्यानं.”

“पुढे?”

“पुढे काय. अडतीस वर्षं. कुठं रस्त्यात दिसला तरी मामय्या गल्ली बदलायचे.” तिने आवाज आणखी खाली आणला. “मॅडम, त्यांना आता नळीतनं बघितल्यासारखं दिसतंय. काचबिंदू. एका वेळी एकच मोर दिसणार. तुम्ही घडी मांडीवर ठेवा, एक मोर दाखवा आणि बाकीच्यांना डोळे हायत म्हणा. मोकळे होतील बिचारे. तुमचं काय जातंय त्यात?”

इंद्रायणीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.  सव्वातीन झाले होते.

वर, पत्र्याखालच्या खोलीत, लोखंडी खाटेवर एक बारीक, ताठ म्हातारा बसला होता. धोतर, वर इस्त्रीचा पांढरा सदरा. पाहुणी येणार म्हणून घातलेला, घडीच्या रेघा अजून मोडायच्या होत्या. तिच्या पावलांचा अंदाज घेत त्याने मान कलती केली आणि मग तिला नजरेच्या फटीत पकडलं.

“बसा, बाई. कुटल्या तुमी?”

“माहेर अकलूजचं. आता जुळे सोलापूर.”

“उसाचं गाव. आनी ही जुनी कापडं कधीपासनं विकता?”

“दोन वर्षं. आधी कॉलेजात होते. प्रयोगशाळेत.”

“मग तितं चूक झाली तर काय करायचा?”

“पुन्हा करून बघायचो.”

“बरं हाय.” नरसय्या हसले. “आमच्यात राहिलेलं भोक मागनं पाडता येतंय. पन राहिलंय हे आधी दिसाय पाहिजे की.”

लावण्या दारात चहाची भांडी घेऊन उभी होती आणि जायचं नाव घेत नव्हती. इंद्रायणीने चादर पिशवीतून काढली, घडीची एक बाजू उलगडली आणि मधल्या ओळीतला कडेचा मोर वर येईल अशी मांडीवर धरली. दुसरा मोर तिच्या तळहाताखाली होता. हात आपोआप तिथे पडला, की तिने ठेवला, हे तिला सांगता आलं नसतं.

नरसय्या पुढे वाकले. नाक कापडाला लागेल इतके.

“ह्याला न्हाई,” ते म्हणाले. “फुडचा?”

“पुढच्याला आहे, मामय्या,” दारातून लावण्या म्हणाली.

“तू चहा गाळ. बाई सांगतील.”

 खाली एक माग थांबला, आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. इंद्रायणीने ओठ उघडले. ‘आहे’ हा केवढासा शब्द. त्याला पुरावा लागत नव्हता, सही लागत नव्हती. उलट सगळ्यांनाच तो हवा होता.

तिने हात उचलला.

“तुम्हीच बघा,” ती म्हणाली.

ती उठली आणि चादर आडवी, खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. मग त्यांचं बोट धरून दुसऱ्या मोराच्या डोक्यावर ठेवलं. त्या बोटाचं टोक लाकडासारखं कठीण होतं.

“डोळा असला की दोन पदर तितं एकमेकांत अडकतात,” बोट फिरवत ते म्हणाले. “खडा लागल्यागत लागतंय.” बोट थांबलं. “न्हाई.”

तिसरा. चौथा. सहाव्यापर्यंत ती त्यांचा हात धरून सरकत होती. सातव्याला त्यांनी हात सोडवून घेतला आणि स्वतः चाचपलं. लावण्याने भांडी खाली ठेवली.

नरसय्या बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि मांडीवर उजव्या हाताने जणू काही मोजू लागले.

“दोन कार्डं,” ते म्हणाले. “चार-चार भोकं. आठ. डोळा मी शेवटी कापायचो, सगळं आंग झाल्यावर. काठाचे कापलेवते. मधल्याचं आंग झालं, शेपटी झाली, आनी निरोप आला, दवाखान्यात या, पोरगा झाला.” त्यांनी मान लावण्याच्या दिशेने वळवली. “हिचा नवरा. पळालो तसाच. दुसऱ्या दिवशी येऊन कार्डं ओवून दिली. मालकानं विचारलं तवा मला आठवंना, कापलं का न्हाई. आठवत नव्हतं म्हनून मी म्हनालो, कापलं.”

 चहावर साय धरू लागली होती.

“तुमी त्यात दोष लिवता म्हनं. काय लिवलंय ह्याचं?”

“विणकामातील दोष.”

“ते खोडा. विननाऱ्याचा न्हाई त्यो. मागाचा बी न्हाई. कार्ड कापनाऱ्याची चूक, असं लिवा. नाव लिवा.”

“मामय्या, कशाला आता नाव—”

“लिवू दे गं.”

इंद्रायणीने तिथेच फोन काढला. तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं: “मधल्या ओळीतील सातही मोरांना डोळे नाहीत. कार्ड कापणाऱ्याची चूक. कार्ड कापणारे: नरसय्या.” त्यांनी मान हलवली. पोर बरोबर पाढा म्हणतंय की नाही हे ऐकावं तशी.

मग ते चादर गोळा करू लागले. कापड ओळखीचं असल्यासारखे हात काठावरून सरकत कोपऱ्यापाशी आले आणि अडले.

“हे काय लागतंय?”

“आकडा शिवलाय. चारशे सतरा.”

हात तिथेच राहिला. लाल धाग्याचे बारीक टाके ते एक एक करून चाचपत होते. चाराचा फास, एकाची शेपटी, साताचा बाक.

“बिघडलेला माल दिवाळीला कामगारांना कमी भावात द्यायचे, सोडून गेलेल्याच्या हिशोबात पण लावायचे,” लावण्या इंद्रायणीला म्हणाली. “बाजारात विकू नये म्हणून ज्याचा त्याचा नंबर शिवून द्यायचे. आमच्याकडच्या जुन्यावर तीनशे नव्वद आहे.”

“कुटनं आनली ही?” नरसय्यांनी विचारलं.

“रुद्रप्पा म्हणून भंगारवाले आहेत, ते मला जुनी गाठोडी देतात. शेळगीतल्या एका घरातून आणलं म्हणाले. तिथले आजोबा मागच्या महिन्यात गेले, मुलाने घर रिकामं केलं. खाटेच्या पायथ्याशी होती म्हणे ही. नाव मला माहीत नाही.”

“मला हाय,” ते म्हणाले.

लावण्या खाटेच्या कडेला टेकली. “म्हणजे त्यांच्याकडेच होती? एवढी वर्षं? पण मामय्या, ते तर फिटर. बघितल्या बघितल्या कळलं असणार की त्यांना. सातच्या सात. ही नेऊन मालकापुढं टाकली असती तर…” ती थांबली. “का नाही दाखवली?”

 नरसय्यांनी दोन कोपरे एकत्र आणले आणि चादर अर्ध्यातून दुमडली. कापड जाड, वर्षानुवर्षांच्या वळणाचं. मध्यावर ते उभंच राहिलं, दाबलं तरी फुगून वर आलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

“अशी नाही पडत ती,” इंद्रायणी म्हणाली. “मीपण करून पाहिलं. आली तेव्हा वेगळी होती.”

“कशी?”

तिने त्यांचे हात बाजूला केले, चादर पुन्हा पसरली. एक टोक उचलून मध्यावर आणलं. दुसरं टोक त्यावर. दोन्ही घड्या जुन्या रेषांवर आपसूक बसल्या, दाराच्या फळ्या मिटाव्यात तशा. मधली ओळ आत गेली. वर आता टोकाची उलट बाजू आली होती, पांढऱ्या जमिनीवर लाल मोर, सात. तिने पाहिलं आणि तिचे हात थांबले. हे तिने आधी दोनदा केलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं.

“मधला रंग इतका ताजा का, हे मला कळत नव्हतं,” ती सावकाश म्हणाली. “त्या भागाला कधी उजेडच लागलेला नाही. कायम अशीच असणार घडी.”

नरसय्यांनी बोट पुढे केलं. या वेळी तिने ते धरलं नाही. त्यांनी स्वतःच पहिला मोर शोधला, डोक्यावर बोट फिरवलं, थांबले. दुसरा. तिसरा. प्रत्येकापाशी थोडं थांबत ते सातव्यापर्यंत गेले. सातांनाही डोळे होते. मग त्यांनी सगळा तळहात घडीवर ठेवला आणि तो तसाच राहू दिला. खालचा माग पुन्हा सुरू झाला. त्याच्या धक्क्याने चहाच्या भांड्यात बारीक वर्तुळं उठत होती.

“तुम्ही ठेवून घेता का?” इंद्रायणीने विचारलं. हा प्रश्न आपण विचारणार आहोत हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

“कुटल्या तोंडानं?” ते म्हणाले. त्यांनी हात काढून घेतला. “जाऊ दे जायची तितं. पन अशीच जाऊ दे.”

लावण्या तिला सोडायला खाली आली नाही. जिन्याच्या वळणावर इंद्रायणीला वरून फक्त तिचा आवाज ऐकू आला, तेलुगूत, हळू, आणि मग भांड्यांचा. चहा पुन्हा गरम करायला नेला असावा.

गल्लीत ऊन तसंच होतं. चार वाजून गेले होते. फोनवर कुरिअरवाल्याचे दोन मिस्ड कॉल होते आणि सुबोधचा मेसेज: ‘त्याला सरबत देऊन बसवलंय. माझी खुर्ची गेली. लवकर ये.’

तिने चादर स्कूटरवर पायांजवळ नीट आडवी ठेवली. मग यादी पुन्हा उघडली आणि चौथ्या ओळीखाली लिहिलं:

५. घडी तीन भागांत, जुनी. मोडू नये.

वाचलं तेव्हा तिलाच विचित्र वाटलं. न उलगडण्याची चादर कोण विकत घेतं, आणि ती चौकटीत लावणार तरी कशी? तरी तिने खोडलं नाही. दुरुस्त केलेली यादी तिने अद्वैतला पाठवली, त्याच्यावर एक ओळ घालून: ‘मुद्दाम केलेलं नाही. चूक आहे. आता नको असेल तर कळवा, पैसे परत करते.’

लगेच दोन निळ्या खुणा आल्या. तो काहीतरी लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. हेल्मेट हातात धरून ती वाट पाहत राहिली. दोन वर्षांत ती कुठेही एवढा वेळ स्वस्थ उभी राहिली नव्हती.

‘चूक तर चूक, पाठवा,’ अद्वैतने लिहिलं. आणि मग: ‘पण पाचवं कळलं नाही. घडी का मोडायची नाही?’

तिने उत्तर लिहायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. त्यात ‘बहुतेक’ हा शब्द दोनदा आला होता. तिने सगळं पुसलं.

‘आली तेव्हा अशी होती,’ एवढंच तिने पाठवलं आणि स्कूटरला किल्ली लावली.